अकरा वाजताचे पाणी

पर्यावरणशास्त्राच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात शेवटचे प्रकरण क्षेत्रकार्याचे होते. एकूण ५० तासिकांपैकी ५ तासिका आणि १०० गुणांपैकी २५ गुण त्याच्यासाठी राखलेले होते. विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन काय पाहावे याची एक छोटी यादी त्यात दिली होती आणि त्या यादीतली एक ओळ अशी होती की तलाव, नदी, डोंगरउतार अशा ‘साध्या परिसंस्थांचा’ अभ्यास करावा. ही ओळ मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. ज्या खोलीत लिहिली त्या खोलीच्या खिडकीतून तलावाची पाळ दिसते. आपण ज्याला साधे म्हणतो आहोत ते खिडकीबाहेर पसरलेले आहे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली आणि ज्यांनी ते लक्षात आणून दिले त्यांच्यापैकी कोणीही तो अभ्यासक्रम वाचलेला नव्हता.

हा विषय पदवीला सक्तीचा कसा झाला, ते थोडक्यात सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका जनहित याचिकेत पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असे म्हटले; पुढे बारा वर्षे फारसे काही हलले नाही म्हणून २००३ साली पुन्हा बजावले; आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम देशभरातल्या कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांना लागू झाला. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की दरवर्षी जानेवारीत तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘पर्यावरण प्रकल्प’ नावाच्या तयार फायली मिळू लागल्या. विद्यार्थ्याने एक घ्यायची, स्वतःच्या अक्षरात उतरवायची आणि पहिल्या पानावर झाडाचे चित्र काढायचे. एका वर्षी तलावाला लागून असलेल्या ढिवर टोलीतल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या मुलाने मला जी फाईल दिली तिचा विषय ‘मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यांचे प्रदूषण’ असा होता. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. त्याचे वडील पहाटे तीन वाजता तलावात जाळे टाकत आणि तो स्वतः आठवीपासून त्यांच्याबरोबर डोंग्यात बसत असे. मी त्याला २५ पैकी २१ गुण दिले, कारण अक्षर चांगले होते.

मी मूळचा या भागातला नाही. माझे गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथे विहिरीला पाणी लागते पण ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून आमची आजी पागोळ्यांचे पाणी घागरीत धरून ठेवत असे. तेच पाणी पिकाला दिले तर त्यातल्या सोडियमने काळी माती आवळून येते, पाणी मुरेनासे होते आणि दोन-चार वर्षांत चांगले वावर दगडासारखे बसते. म्हणून त्या पट्ट्यात शेतकरी पावसावर भिस्त ठेवतो आणि जमेल तिथे शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवतो. ‘विद्यापीठ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो याच संदर्भात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माणसे आमच्या वावरातली माती कापडी पिशवीत भरून घेऊन गेली होती. काही आठवड्यांनी बाबांच्या हातात एक कागद आला. त्यात सामू किती, क्षार किती, जिप्सम किती टाकावे असे लिहिलेले होते. बाबांना त्यातले निम्मे समजले नसेल. पण तो कागद त्यांनी पेटीत सातबाऱ्याबरोबर ठेवला. माती गेली आणि तिचे उत्तर परत आले, एवढा व्यवहार त्यांना पटला होता. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे स्वतः संशोधक झाल्यावर नेमका हाच व्यवहार मी विसरलो.

खारपाणपट्ट्यातून आलेल्या माणसाला झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा हा भाग, पहिल्यांदा पाहताना जे वाटते ते इथल्या लोकांना सांगून पटत नाही. आमच्याकडे पाणी जमिनीच्या पोटात असते आणि खारट असते. इथे ते डोळ्यांसमोर असते आणि गोड असते. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांचे ‘मामा तलाव’ असे लघुरूप झाले आहे आणि नवीन येणाऱ्याला हे कोणाच्या मामाचे तलाव असा प्रश्न पडतोच. पाऊस इथे पश्चिम विदर्भाच्या मानाने पुष्कळ, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि धानाला रोवणीपासून निसवण्यापर्यंत बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, पाणी लागते. मधे पंधरा दिवसांची उघडीप पडली की पीक गेलेच. या अडचणीवर तोडगा काढला तो कोहळी समाजाच्या माणसांनी. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी त्यांना आश्रय दिला आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यावी असा नियम राजा हिरशहाने केला, अशी परंपरा सांगितली जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलावही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. त्या नियमातली युक्ती मला फार आवडते. तलाव किती मोठा बांधला याला बक्षीस नव्हते; तो किती जमीन भिजवतो याला होते. म्हणजे जागा चुकली, उतार चुकला, पाट चुकला तर बांधणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हते. आजच्या किती प्रकल्पांना ही अट लावता येईल, याचा विचार वाचकाने करावा.

हे तलाव एकेकटे नसतात. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या तलावात येते, त्याच्या खाली बोड्या, म्हणजे लहान तळी असतात, आणि बोड्यांच्या खाली बांध्या. पाळीतून पाणी सोडायची मोरी, तिची कोणत्या दिवशी किती खुंटी काढायची याचे ठरलेले वेळापत्रक, पाटाच्या साफसफाईला प्रत्येक घरातून एक माणूस, हे सगळे गावाच्या व्यवस्थेत बसवलेले होते. मध्य प्रांताच्या जमाबंदीत वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक नावाचे कागद असत आणि गावातल्या कोणाला तलावाच्या पाण्यावर, गाळावर, कडेच्या गवतावर कसा हक्क आहे याच्या नोंदी त्यांत मिळतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार हा काही संत नव्हता आणि ती पद्धत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण मालक बदलताना तलावाची काळजी कोणी घ्यायची हे कलम मात्र गळून पडले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे, आणि मासेमारी ठेक्याने ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे. पाळ कोणाची आणि मासा कोणाचा, हे कागदावर सापडते. पाण्याखालच्या वनस्पती कोणाच्या, हे कोणत्याही कागदावर सापडत नाही.

नोकरीला लागल्यावर पाचेक वर्षांनी मला एक लघुसंशोधन प्रकल्प मिळाला. विषय होता आमच्याच तालुक्यातल्या तीन तलावांची जैवविविधता आणि पाण्याची गुणवत्ता. दोन वर्षे मी दर महिन्याला तिथे जाऊन पाण्याचे नमुने घेतले, मासळीची यादी केली, वनस्पती दाबून कागदावर चिकटवल्या आणि ढिवर टोलीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांनी सांगितलेले सगळे मी लिहून घेतले. अहवाल इंग्रजीत झाला. त्याच्या सोनेरी अक्षरांच्या तीन बांधीव प्रती निघाल्या. एक अनुदान देणाऱ्या संस्थेकडे गेली, एक ग्रंथालयात, एक माझ्या कपाटात. दोन शोधनिबंध झाले, पदोन्नतीच्या तक्त्यात त्यांचे गुण मिळाले. अहवालाच्या शेवटी शिफारशी होत्या. पाण्याची गुणवत्ता समाधानकारक आहे. तलावाच्या कडेने जलीय तण माजले असून त्याचे निर्मूलन करावे. त्यासाठी गवत खाणारा ग्रास कार्प मासा सोडणे हा स्वस्त उपाय आहे. या तीन वाक्यांची मला आज लाज वाटते, आणि ती एकदम नव्हे, एकेका वाक्याने वाटत गेली.

पहिले वाक्य असे मोडले. तलावाच्या पाळीवरून मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन चाललो होतो तेव्हा मच्छीमार संस्थेचे एक जुने सभासद तिथे जाळे विणत बसले होते. टोलीत लहानथोर सगळे त्यांना मामाजी म्हणतात. मला पाहून ते म्हणाले, “सर, त्या पुस्तकाचं काय झालं जी?” मला आधी कळेना, कोणते पुस्तक. ते म्हणाले, “तुमी आमाले इचारून इचारून लिवून नेलं ना. मंग?” मी अहवाल जमा केल्याचे सांगितले. त्यांनी मान हलवली. मग विचारले की त्यात पाण्याविषयी काय निघाले. मी म्हणालो, पाणी चांगले आहे, प्राणवायू भरपूर आहे. ते हसले नाहीत, पण त्यांच्या हातातली सुई थांबली. “किती वाजता पायलं?” मी सांगितले, अकरा-साडेअकरा, पहिल्या दोन तासिका झाल्या की आम्ही निघत असू. “अकरा वाजता मासोरीले काई तरास नाई जी. पहाटंले येजा.”

मी प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच श्वास घेतात, आणि म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो, हे मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढतो. तरीही दोन वर्षांतले माझे सगळे नमुने अकरा ते एक या वेळेतले होते, कारण ती महाविद्यालयाची वेळ होती. तलावाचे वेळापत्रक मी माझ्या हजेरीपटाला जोडले होते.

भाद्रपदातल्या एका ढगाळ आठवड्यात आम्ही पहाटे साडेचारला गेलो. चार मुले, दोन मुली आणि मुलींना सोडायला आलेला एकीचा भाऊ. मामाजींनी डोंगा आणलेला होता. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची विंकलरची जुनी पद्धत गावात करायला सोयीची आहे, कारण तिला वीज लागत नाही. बाटलीत पाणी हवेचा बुडबुडा न राहू देता भरायचे, त्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तांबूस तपकिरी साका धरतो; प्राणवायू जितका कमी तितका तो फिका, आणि मुळीच नसेल तर दुधासारखा पांढरा. पुढचे आकडे प्रयोगशाळेत काढायचे असतात, पण तिथल्या तिथे रंग पाहूनही पुष्कळ समजते. आदल्या दुपारी त्याच जागी भरलेली बाटली मी सोबत नेली होती. तिच्या तळाशी गडद तपकिरी थर होता. पहाटेची बाटली फिकट पिवळसर निघाली. तलावाच्या ज्या कोपऱ्यात बेशरम नावाचे झुडूप माजले होते तिथली तर जवळजवळ पांढरी. बॅटरीच्या उजेडात तिन्ही बाटल्या शेजारी धरून मामाजींनी बराच वेळ पाहिल्या. तोवर पाण्यावर ठिकठिकाणी मासे तोंड वर काढून हवा ओढत होते आणि तो चुबुक चुबुक आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता. मामाजींना नवीन काही कळले असे नाही. कळले ते मला. त्यांना हवी होती ती बाटली, कारण मासळी मेली की कोणीतरी विष टाकले असा आळ शेजारच्या गावावर जातो आणि दरवेळी भांडण होते. रात्री श्वास कोंडून मासा मरतो हे दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हते. त्यांनी विचारले, “हे पांढरं पानी आमाले देता का?” मी सांगितले की बाटली टिकणार नाही, पण फोटो देतो.

त्यानंतर मी कपाटातला अहवाल काढला आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने तो मराठीत करायला घेतला. भाषांतर हे फार कठोर परीक्षण असते. इंग्रजीत जे वाक्य टेचात उभे होते ते मराठीत आणले की त्याच्या पायाखाली काही नाही असे दिसे. ‘ॲक्वाटिक वीड’ला आम्ही जलीय तण म्हटले. पाळीवरच्या वडाखाली वाचन ठेवले होते. वीसेक पुरुष आणि जरा लांब, पाण्याच्या बाजूला, सात-आठ बाया बसल्या होत्या. तणाच्या शिफारशीपर्यंत आलो तेव्हा त्यातली एक बाई उठून उभी राहिली. तिने विचारले की तण म्हणजे यातले नेमके काय काय. मी चिकटवलेल्या वनस्पतींची पाने उलटून दाखवू लागलो. प्रत्येक पानाला तिच्याजवळ नाव होते, आणि नावासोबत त्या वनस्पतीचे काम. याच्या आडोशाला मरळ आपली पिले सांभाळते. याच्या कांद्यांवर पक्षी येतात. याच्या पानाखाली झिंगे मिळतात. हे देवधान, याचे तांदूळ उपासाला चालतात. तण म्हणून तिने सगळ्यांत शेवटी फक्त एका वनस्पतीकडे बोट दाखवले, आणि ती होती बेशरम, जी अमेरिका खंडातून आली, कुंपणाला म्हणून लावली गेली आणि जिच्या मुळाशी दुसरे काही वाढत नाही. माझ्या यादीत बेशरम आणि देवधान एकाच शीर्षकाखाली होते.

ग्रास कार्पचे वाक्य मी वाचलेच नाही. पण अहवाल हातात होता आणि मुलांपैकी एकाने ते वाचले. बाया काही बोलल्या नाहीत. मामाजी म्हणाले की तो मासा शेजारच्या तलावात काही वर्षांपूर्वी सोडला होता. त्याने सांगितलेले काम केले. पाण्याखालचे सगळे गवत खाल्ले, मग पाणी गढूळ झाले, आणि आता तिथे दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिले, विकत आणून सोडावी लागतात. रोहू, कटला, मृगळ हे मोठ्या नद्यांचे मासे. वाहत्या पाण्याशिवाय ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे तलावातून त्यांचे बी मिळत नाही. शिंगी, मांगूर, मरळ यांना बी विकत आणावे लागत नाही; त्यांना फक्त गवत लागते. हिशेब इतका सरळ होता आणि मी दोन वर्षे त्या हिशेबाच्या शेजारी बसून मुलाखती घेतल्या होत्या. मुलाखतीच्या माझ्या प्रश्नावलीत मात्र मासळीचे उत्पादन, उत्पन्न आणि शिक्षण एवढेच रकाने होते. बायांना मी काही विचारलेच नव्हते, कारण संस्थेच्या सभासदयादीत त्यांची नावे नव्हती.

अर्जुनी-मोरगाव भागात हे काम माझ्यापेक्षा कितीतरी आधी आणि कितीतरी नीट सुरू झाले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाच्या जाणकारांसोबत तलावातल्या मासळीच्या आणि वनस्पतींच्या नोंदी केल्या आणि मग तलाव पुन्हा जिवंत करण्याची पद्धत बसवली. आधी बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरायचा, आणि पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती तिथे रोवायच्या. धान रोवणाऱ्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही. मी ते पाहायला गेलो तेव्हा मला विशेष वाटले ते हे, की कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लावायची याचा निर्णय गावातली माणसे करत होती आणि शास्त्रीय नावे नंतर, बाजूच्या रकान्यात लिहिली जात होती. गाळ काढण्याच्या सरकारी योजनांत मात्र यंत्राची सोय पाहिली जाते. यंत्र जिथे सहज उतरते तिथे तलाव खोल होतो, काठाचा उथळ उतार तुटतो, आणि ज्या उथळ पाण्यात सगळे जगत होते तेच नाहीसे होते. पाणीसाठा वाढल्याचा आकडा खरा असतो, हेही सांगितले पाहिजे.

लोकांच्या ज्ञानाची नोंद व्हावी याला कायद्याचा आधारही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ती कल्पना मांडली तेव्हा गावाने स्वतःच्या निसर्गाचा स्वतः अभ्यास करणे हा तिचा गाभा होता. मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ताकीद दिली की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या नोंदवह्या पूर्ण झाल्या पाहिजेत, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. त्या हिवाळ्यात आमच्या भागात नोंदवह्या ज्या वेगाने तयार झाल्या तो वेग मी ओळखला. तो आमच्या पर्यावरण प्रकल्पांचा, झेरॉक्सच्या दुकानाचा वेग होता. एका गावच्या नोंदवहीत दुसऱ्या गावच्या टेकडीचे नाव तसेच राहिलेले मी स्वतः वाचले आहे.

याच्या उलट उदाहरणही विदर्भातच आहे आणि ते फार लांब नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल त्यांच्या व्यवस्थापनात आहे. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव सर्वदूर गेले, पण मला त्या गावाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती तिथला अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. पण निर्णयाआधी ज्यांना वाटेल त्यांनी बसून त्या विषयाचा अभ्यास करायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा तर तोही त्याच बैठकीत मांडी घालून बसणार. अभ्यास करण्यासाठी विद्यापीठ लागते असे त्यांनी गृहीत धरले नाही. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झाले, म्हणजे गावातला अभ्यास विद्यापीठापेक्षा वयाने मोठा आहे.

हे पाहून मी माझ्या वर्गात दोन नियम केले. प्रकल्प मराठीत किंवा घरच्या बोलीत लिहायचा, आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर तो वाचून दाखवल्याशिवाय मी गुण देणार नाही. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना वेगळे श्रेयांक आले, त्यामुळे कागदोपत्रीही मला जागा मिळाली. नियमाने सगळे सुधारले असे मुळीच नाही. काही मुले आजही फाईल उतरवून आणतात आणि वाचन झाल्याची सही मामाकडून घेतात. आणि जिथे काम खरे होते तिथे ते सोपे राहत नाही. एका मुलीने तलावाच्या बुडीत क्षेत्रातल्या गाळपेर जमिनींचा नकाशा केला, त्यात कोणाचा बांध दरवर्षी किती आत सरकतो ते पावलांनी मोजून लिहिले आणि ठरल्याप्रमाणे गावात वाचून दाखवले. संध्याकाळी प्राचार्यांना तीन फोन आले. त्या शेतकऱ्यांचेही म्हणणे चुकीचे नव्हते; त्यांच्याजवळ दुसरी जमीन नव्हती आणि पाणी ओसरल्यावर तिथे येणारा हरभरा हेच त्यांचे रब्बी होते. दोन आठवडे मुलीच्या वडिलांशी गावात कोणी धड बोलले नाही. तिने नकाशा मागे घेतला नाही, पण दुसऱ्या प्रतीत त्या शेतकऱ्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत लिहिली. मला तो प्रकल्प म्हणून पहिल्यापेक्षा चांगला वाटला. तिला काय वाटले ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हापासून वृक्षारोपणाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्याला कोणाचाच विरोध नसतो, कारण त्याने कोणाचाच बांध हलत नाही. आमच्या महाविद्यालयाचे हरित लेखापरीक्षणही असेच सुखाचे आहे. आवारातली झाडे मोजली, सौर दिवे मोजले, प्लास्टिकबंदीची पाटी मोजली. आवारातल्या कूपनलिकेचे पाणी एप्रिलपर्यंत टिकते ते समोरच्या तलावामुळे, पण तलाव आवाराबाहेर असल्याने त्याला तक्त्यात रकाना नाही.

मागच्या उन्हाळ्यात, तेंदूचा हंगाम संपल्यावर, मी मच्छीमार संस्थेच्या खोलीवर गेलो होतो. मराठी केलेल्या अहवालाची एक प्रत आम्ही त्यांना दिली होती. एकाच बाजूला छापलेली, सुतळीने शिवलेली. ती खिळ्याला लटकलेली होती आणि बरीच मळलेली होती, याचा मला आनंद झाला. हातात घेतली तर पाने सुटी केलेली आणि पुन्हा उलट शिवलेली. कोऱ्या बाजूंवर निळ्या शाईने हिशेब लिहिलेला होता. क्षणभर वाईट वाटले. मग मी वाचू लागलो. तारीख, जाळे कोणत्या बाजूला टाकले, मरळ किती किलो, शिंगी किती, रोहू किती, झिंगे किती, कोणत्या बाजारात कोणी नेले, काय भाव मिळाला. काही तारखांपुढे लिहिले होते, ‘पहाटे तोंड वर’. चौदा महिन्यांची नोंद होती आणि मधे फक्त दिवाळीचा आठवडा रिकामा होता. अक्षर बायकी होते. मामाजींनी सांगितले की त्यांच्या सुनेचे. अशी रोजची नोंद असावी असे मी माझ्या मूळ प्रकल्पात एका वाक्यात सुचवले होते आणि ती कोण करणार हे मला तेव्हा सुचले नव्हते.

मी विचारले, याची झेरॉक्स काढू का. मामाजींनी सुनेकडे पाहिले. ती म्हणाली, “संस्थेच्या बैठकीत इचारून सांगतो, सर. काय लिवान तेबी तवा सांगजा.” बैठक पोळ्यानंतर आहे.